शालूने लपवलेलं पुस्तक

माझ्या आजाराचं पहिलं लक्षण म्हणजे मला माझ्या धाकट्या बहिणीचा हेवा वाटू लागला. पण तो मला लहानपणापासूनच वाटत आला होता, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

ज्यांच्या घरात असं काही चाललं असेल त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. बाळंतपणानंतर बाई वेगळी वागायला लागली तर दृष्ट लागली, बाहेरचं झालं, सोंग करते, असं म्हणत दिवस घालवू नका. खरं तर एवढंच सांगायचं होतं. पण तेवढ्याने भागत नाही. मी त्या आजारात एक खोटं बोलले आणि त्यापायी एका बाईचा हात मोडला. ते वगळलं तर बाकीचं सांगण्यात काही अर्थ नाही.

वैशू झाली तेव्हा

ऐंशीनंतरची ती वर्षं. आम्ही मूळचे कराडकडचे. माझे यजमान बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या एका कारखान्यात होते. स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर चाळीत आमची भाड्याची खोली होती. मध्ये पडदा लावून तिचे दोन भाग केलेले, पुढे आम्ही आणि मागे स्वयंपाक. वारा फिरला की कारखान्यांचा वास घरात यायचा, मग खिडकी लावून घ्यायची.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण माझी आई नव्हती. म्हणून शालू आली. कॉलेजचं पहिलं वर्ष अर्धवट टाकून आली. सगळे म्हणाले, बहीण असावी तर अशी. मीही म्हणाले.

शालूला सगळं जमायचं. पोरगी माझ्याजवळ रडरड रडायची, हिने खांद्यावर टाकली की गप्प. माझं दूध कमी पडायचं. शेजारच्या पाटीलकाकू शालूला म्हणायच्या, "तुझ्याच हाताची सवय लागली बघ तिला." त्या हसायच्या, शालू हसायची. मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं दाखवायची.

मग झोप उडाली. डोळे मिटले की आतून कुणीतरी बोलतंय असं वाटे. महिनाभरात मला खात्री पटली की माझं दूध शालूच आटवते आहे. चहात काहीतरी घालते. मी तिच्या हातचा चहा मोरीत ओतायला लागले. वैशूचं नाक शालूसारखं दिसायला लागलं, मग डोळे, मग हसणं. एक दिवस मी यांना म्हटलं, "ही आपली मुलगी नाही. बदललीय."

"झोप नाही तुला, सुमन," हे म्हणाले. "दोन दिवस नीट झोप, सगळं बरं वाटेल."

त्यांचीही चूक नव्हती. त्यांना तरी काय ठाऊक?

गमबूट

बोईसर स्टेशनवर तेव्हा एक बाई राहायची. अंगावर एकावर एक दोन-तीन लुगडी आणि पायात कारखान्यातून टाकून दिलेले रबरी बूट. एक काळा, एक पिवळा, दोन्ही वेगळ्या मापाचे. तिचं नाव कुणाला माहीत नव्हतं. सगळे तिला गमबूट म्हणायचे. कंपनीच्या बसची वाट बघणारी पोरं ओरडायची, "ए गमबूट, ड्यूटी पे नहीं गई आज?" ती शिव्या द्यायची, ते हसायचे.

मीही तिच्याकडे बघून पदर नाकाला लावलेला आहे. हे एकदा जाता जाता तिच्यापुढे केळं ठेवून आले, तर मी दोन दिवस यांच्याशी बोलले नव्हते. तेव्हा तर मी आजारीही नव्हते. सांगायचा मुद्दा हा, की माझा स्वभाव मूळचाच असा.

ती दुपार

वैशू चाळीस दिवसांची होती. हे पहिल्या पाळीला गेले होते. शालू नळावर गेली आणि मी पोरीला दुपट्यात गुंडाळून बाहेर पडले. पायात चप्पल नव्हती हे मला स्टेशनवर गेल्यावर कळलं.

फलाटाच्या टोकाला एक बाकडं होतं, तिथे बसले. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस मला शालूने पाठवलेला वाटत होता. आणि मग मला एकदम, अगदी स्वच्छपणे कळलं की पोरगी माझ्याजवळ असली तर ते तिला ओळखतील. मी जवळ नसले तर ती कुणाचीच नाही, मग तिला कोण नेणार? मी तिला बाकड्यावर ठेवली. दुपटं नीट केलं. आणि उठून चालायला लागले.

मागे वळून पाहिलं नाही. 

संध्याकाळी मी जवळच्या पाम गावाच्या रस्त्याला, खाजणाच्या खाऱ्या चिखलाच्या कडेला बसलेली सापडले. ताडगोळे विकून घरी चाललेल्या एका बाईने मला पाहिलं. "बाय, घरी नाय जायाचा? कुनाची तू?" असं ती विचारत होती. तिने पाटीत उरलेला एक ताडगोळा सोलून माझ्या हातात दिला आणि माणसं येईपर्यंत शेजारी बसून राहिली. आजारपणात लोकांनी मला पुष्कळ काही दिलं, पण त्या बाईची आठवण पहिल्यांदा येते. तिने फार काही विचारलं नाही.

घरी पोचले तर वैशू शालूच्या मांडीवर होती. पाटीलकाकूंनी सांगितलं, "पोरीला त्या गमबूटने पळवली होती बाई! स्टेशनच्या जिन्याखाली घेऊन बसली होती. लोकांनी बघितलं म्हणून बरं. 'बच्चा चोर, बच्चा चोर' करून असं चोपलंय तिला, हात लोंबत होता म्हणे. तू पोरीला शोधत शोधत इतक्या लांब गेलीस होय ग?"

हे माझ्याकडे बघत होते. शालू बघत होती.

मी म्हणाले, "हो."

दुसऱ्या दिवशी हे स्टेशनवर गेले, तिचं गाठोडं रुळांवर फेकलं आणि पुन्हा इथे दिसलीस तर बघ म्हणाले. हे त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

नाव मिळालं तो दिवस

मी त्यानंतर खाणंपिणंच सोडलं. बोईसरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि यांनी मला मुंबईच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी मला बोलू दिलं. चहाचं, दुधाचं, पोरीच्या नाकाचं, सगळं. स्टेशनचं विचारलं तेव्हा मात्र मी म्हणाले, "त्या बाईने नेली."

मग त्यांनी यांना आत बोलावलं. यांनी खालमानेने विचारलं, "म्हणजे वेड लागलंय का हिला?"

"तापात माणूस बरळतो, तेव्हा त्याला तुम्ही वेडा म्हणता का?" त्या म्हणाल्या. "हा आजार आहे. बाळंतपणानंतरचा मनोविकार म्हणतात याला, काही बायकांना होतो. बरा होतो. पण औषध द्यायचं तर अंगावरचं दूध बंद करावं लागेल."

आजाराला नाव मिळालं, तो बरा होतो हे कळलं, तरी मला ऐकू आलं ते एवढंच. दूध बंद. म्हणजे शालू जिंकली.

महिनाभर वॉर्डात होते. सकाळी सहाला चहा, मग गोळ्यांची रांग. गोळी गिळली की तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची. दुपारी वेण्या घालायला एक मावशी येत. त्या केस ओढत नसत, हे मला अजून आठवतं. भेटायच्या वेळेला मी दाराकडे बघायची नाही. शेजारच्या खाटेवरच्या मुलीची आई रोज यायची आणि तिला भरवायची, मला तिचाही हेवा वाटायचा. हे रविवारी यायचे. मी विचारायची, "वैशू काय करते?" ते उत्साहाने सांगायचे, "शालूकडे बघून हसते आता." मग मी पुढचं काही विचारायची नाही.

पडद्यापलीकडे

घरी आले ती अर्धी होऊन आले. औषधाने जीभ जड झालेली, तोंडाला कोरड, हात कापायचे, अक्षरं पुसट दिसायची. आवाज थांबले होते. पण वैशू बाटलीने दूध प्यायची, शालूजवळ झोपायची आणि मी घेतली की तोंड वाकडं करायची.

आणि एक नवीनच गोष्ट सुरू झाली होती. हे पहिल्या पाळीवरून चारच्या सुमाराला घरी येत. मी पुढे पडलेली असे. हे हातपाय धुऊन मागे जात, आणि मग पडद्यापलीकडून शालूचा हलका आवाज येत राही. अर्धा तास, पाऊण तास. मध्येच हे काहीतरी विचारत. एकदा यांनी नाक ओढल्यासारखं वाटलं. मी हाक मारली की आवाज बंद, आणि काहीतरी डब्यामागे सरकवल्याचा आवाज.

मला वाटलं, पत्रं असतील. माझ्या वडिलांची असतील. मोठी वेडी झाली, धाकटीला तिथेच ठेवून घ्या, असं लिहिलेलं असेल. हा विचार आजारातला की माझा, ते मला ठरवता येईना.

एका सकाळी शालू नळावर गेली तशी मी उठले. तांदळाच्या डब्यामागे हात घातला तर एक पुस्तक लागलं. जुनं, मुखपृष्ठ गेलेलं, आत पालघरच्या वाचनालयाचा शिक्का. बायकोला भिऊन नवरा आणि मेहुणी पुस्तक लपवतात? मी तिथेच ओट्याला टेकून वाचायला लागले. बहिणीच्या हेव्यात मी पुष्कळ काही हिसकावून घेतलं होतं, पण पुस्तक पहिल्यांदाच.

ते एका शिक्षिकेने स्वतःबद्दल लिहिलेलं होतं. सासरचे आपल्या जेवणात काहीतरी कालवतात अशी तिची खात्री झाली आणि ती घरातून निघून गेली. कुठल्याशा मोठ्या गावात एका देवळाच्या पायऱ्यांवर काही वर्षं राहिली. मी एक पान वाचलं आणि मोरीत ओतलेला चहा मला समोर दिसला.

रोज शालू नळावर गेली की मी वाचायची. दोन पानं, कधी एकच, अक्षरं हलायची म्हणून बोट ठेवून. त्या बाईचाही मला हेवा वाटला. तिला हे असं लिहिता आलं म्हणून. आणि तिच्या वाट्याला शालू नव्हती म्हणून.

त्यात एक जागा अशी होती. ती शिक्षिका आपली चारही लुगडी एकावर एक नेसायची आणि लोक त्याला हसायचे. तिने लिहिलं होतं, की खाली ठेवलेलं लुगडं सकाळी जागेवर राहत नाही, हे तिला एका आठवड्यात कळलं होतं. वेडी होती तरी तेवढं कळत होतं. मी पुस्तक मिटलं. वसाहतीतल्या गटारांचं पाणी आमच्या रस्त्यावर यायचं, कधी तांबडं, कधी हिरवं. त्यातून चालताना पायांची आग व्हायची, चप्पल सडायची. मग तिथे राहणारी बाई पायात रबरी बूट घालणार नाही तर काय घालणार? इतकी वर्षं आम्ही सगळे हसत होतो, आणि सगळ्यांत शहाणं पादत्राण तिच्याच पायात होतं.

आणखी एका पानावर शिसपेन्सिलीने रेघ ओढलेली होती. कारखान्यात नोंदी करताना हे ओढायचे तशी, पट्टी न लावता पण सरळ. वाचनालयाच्या पुस्तकात रेघा ओढू नयेत हे यांना माहीत नसावं, सातवीनंतर पुस्तकाशी त्यांचा संबंधच आला नव्हता. त्या जागी शिक्षिकेने लिहिलं होतं, की घरी असताना सगळे तिला समजावत होते, पण शेजारी कुणी नुसतं बसलं नाही.

मला आठवलं, मी परत आल्यापासून हे माझ्या खाटेशी येऊन बसायचे. काही बोलायचे नाहीत. मला वाटायचं, कंटाळलेत.

सांगितलं

पुस्तक संपायच्या आतच मी पकडले गेले. शालू कळशी विसरली म्हणून परत आली. मी पुस्तक लपवलं नाही.

"ताई," ती घाबरून म्हणाली, "तुला त्रास होईल म्हणून सांगितलं नाही. दाजींना कळत नव्हतं तुला काय होतंय ते. मलाही नाही. म्हणून वाचनालयात विचारलं, वेडाबिडाबद्दल काही पुस्तक आहे का. तेच रोज दाजींना वाचून दाखवते."

"तुला का वाटलं विचारावंसं?"

ती ओट्याशी आली. "मी स्टेशनवर पोचले ना, तेव्हा वैशूच्या कपाळावर ओलं फडकं होतं. त्या बाईच्या लुगड्याचं फाडलेलं. पोर पळवणारी बाई असं कशाला करील?"

मी म्हणाले, "पोरीला मी ठेवली बाकड्यावर. तिने नाही नेली."

"मला वाटलंच होतं," शालू म्हणाली.

आणि खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आलं, हिला हेही माझ्याआधी कळलं!

यांना सांगणं जास्त अवघड गेलं. शालूने सांगते म्हटलं, मी नको म्हणाले. चार वाजता हे आले, मी सगळं सांगितलं. इतके दिवस का नाही बोललीस, म्हणाले. मी म्हटलं, "सांगितलं असतं तर वैशू कायमची शालूची झाली असती." ते उठून बाहेर गेले. मला वाटलं, संपलं. थोड्या वेळाने परत आले आणि दारातच उभं राहून म्हणाले, "मी तिचं गाठोडं फेकलं गं रुळांवर. हात मोडलेल्या बाईचं." मी त्यांना रडताना तेव्हा पाहिलं.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. औषधं दीड वर्ष चालली. दुसऱ्या मुलाच्या वेळी डॉक्टरीणबाईंना आधीच सांगितलं होतं, त्यामुळे थोडक्यात निभावलं. एकदा तपासणीला गेले असताना मी त्यांना विचारलं, "हेवा अजून जात नाही, गोळी वाढवायची का?" त्या हसल्या. "संशय होता तो आजाराचा, तो गेला. हेवा तुमचा स्वतःचा आहे. त्याला गोळी नाही." शालू वर्षभराने कराडला गेली आणि राहिलेलं कॉलेज पुरं केलं. ती निघाली तेव्हा वैशू तिच्यासाठी तीन दिवस रडली आणि मी तीनही दिवस दात-ओठ खात तिला थोपटलं. वैशूला हे सगळं माहीत आहे. मीच सांगितलं.

पालघरला

यांना सगळं सांगितल्यावर लगेचच त्या बाईला शोधायचं मी ठरवलं, तेव्हा शालू खाली बघून म्हणाली, "ती पालघरला असते, एसटी स्टँडवर. जानकी नाव आहे. मी पुस्तकाची मुदत वाढवायला जाते ना, तेव्हा भाकरी देते तिला. दर बुधवारी."

म्हणजे तिथेही शालू आधी पोचली होती! नाव विचारून, भाकरी देऊन. मी इतकी संतापले की दोन दिवस तो विषयच काढला नाही. माफीसुद्धा मला हिच्या मागून मागावी लागणार होती. मग लक्षात आलं, की माझी माफी शालूला मागता आली नसती. ती मलाच मागायला हवी होती.

रविवारी गेलो. पाटीलकाकू वैशूजवळ बसल्या. स्टँडवर पोचल्यावर हे फाटकाशीच थांबले. शालू माझ्याबरोबर आली.

जानकी भिंतीला टेकून बसली होती. पायात तेच बूट. डावा हात कोपरापाशी वाकडाच जुळला होता. शालूला पाहून म्हणाली, "आज बुधवार नाय."

मी तिच्यासमोर खाली बसले.  म्हणाले, "बोईसर स्टेशनवर बाळ होतं ना, बाकड्यावर. ते मी ठेवलं होतं. तुम्ही चोरलं नाही. मी खोटं बोलले."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं शिव्या देईल. मारेल. शालू एक पाऊल पुढे आली, मी तिला हाताने थांबवलं.

"उनात ठेवलेलीस," जानकी म्हणाली. "पोर उनात ठेवतात काय? तापलेली नुसती. मी सावलीत नेली."

"हो."

"मंग मारलानी मला."

"हो," मी म्हणाले. यापुढे काय म्हणायचं असतं ते मला आजही कळलेलं नाही.

तिने पदराखालून वाकडा हात बाहेर काढला, बघितला, परत आत घेतला. एक गाडी आली, माणसं उतरली, कुणीतरी आमच्या तिघींकडे बघत बघत गेलं. मग तिने विचारलं, "पोर कुनाकडं हाय आता?"

शालू माझ्या मागेच उभी होती. 'माझ्याकडे' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता.

"माझ्या बहिणीकडं," मी म्हणाले. "ही माझी बहीण. मी आजारी आहे, म्हणून तीच सांभाळते."

जानकीने मान वर करून शालूला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहून घेतलं, जणू पहिल्यांदाच बघत होती.

"मंग बरी हाय पोर," ती म्हणाली.